तिसरा परिच्छेद

सव्वाअकराला मेल आला तेव्हा ती पुस्तकांवर लॅपटॉप चढवत होती. मुलाखतीत आपली हनुवटी आधी आणि आपण नंतर दिसू नये, म्हणून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत यायला हवा होता. बालमानसशास्त्राचे दोन खंड, मूल्यमापनाचा एक ठोकळा, अध्यापनपद्धतीचं बिनपुठ्ठ्याचं आणि सगळ्यांत वर दादाचं मोटरसायकल दुरुस्तीचं, अशी चळत झाली होती. चार वर्षांच्या शिक्षणात या पुस्तकांचा एवढा थेट उपयोग पहिल्यांदाच होत होता. मेल चार ओळींचा होता. पहिल्या ओळीत नमस्कार, दुसरीत आजची तीन वाजताची मुलाखत ठरल्याप्रमाणे, चौथीत शुभेच्छा. तिसऱ्या ओळीत असं होतं की, आपल्या शिफारसपत्रातला तिसरा परिच्छेद आम्हाला फार भावला आहे, त्याबद्दल सविस्तर ऐकायची उत्सुकता आहे, आणि आपल्या सरांनीही मुलाखतीला हजर राहायचं आनंदानं कबूल केलं आहे. ती ओळ तिनं तीनदा वाचली. दर वेळी 'सरांनीही' या शब्दापाशी ती अडकली. कारण तो तिसरा परिच्छेद सरांनी लिहिलेला नव्हता. तो तिनं लिहिला होता. पहिला, दुसरा आणि चौथाही तिनंच.

यात तिनं काही जगावेगळं केलं होतं अशातला भाग नाही. शिफारसपत्र मागायला गेलं की मास्तर मंडळी म्हणणार, "तूच लिहून आण, मी सही करतो." पिढ्यान्‌पिढ्या पोरं स्वतःची स्तुती दुसऱ्याच्या तोंडी घालून लिहीत आलेली आहेत आणि मास्तर सह्या ठोकत आलेले आहेत. फक्त स्तुती करताना हात राखावा लागतो. सगळंच गोड लिहिलं की संशय येतो, म्हणून तिनं दुसऱ्या परिच्छेदात स्वतःचा एक दोषही घातला होता: 'फळ्यावरचं अक्षर जरा तिरपं जातं.' सरांच्या तोंडात सदा असणारा 'उल्लेखनीय' हा शब्द दोन ठिकाणी पेरला होता. सकाळी पत्र शिक्षकखोलीत दिलं आणि संध्याकाळी ते हिरव्या शाईच्या सहीसह परत मिळालं. सरांनी ते वाचलं असेल ही शंका तिला आली नाही. वर्षभर ज्या माणसानं तिच्या पाठांच्या वहीत प्रत्येक पानाखाली 'ठीक' एवढंच लिहिलं, तो माणूस चार परिच्छेद कशाला वाचेल? डुलकीसर म्हणत त्यांना. सराव करणाऱ्या शिकाऊ शिक्षकाचा पाठ सुरू झाला की ते शेवटच्या बाकावर बसत, वही उघडत, आणि पहिल्या पाच मिनिटांत त्यांची हनुवटी शर्टाच्या दुसऱ्या बटणाला टेकत असे.

तीन वाजता त्यांना पडद्यावर विचारतील, सांगा बुवा त्या दिवसाबद्दल. आणि ते म्हणतील, कुठला दिवस?

आई दारात आली. ती इस्पितळाच्या धुलाई विभागात मुकादम होती, दुपारपाळी असली की चारला निघायची. तिच्या हातात तिथल्याच नोंदणी कक्षातल्या नोकरीचा फॉर्म होता.

"हे बघ. मी साहेबांना शब्द टाकलाय. सोमवारपासून जागा आहे. चारला मी जाताना फॉर्म नेणार. सही असली तर साहेबांच्या टेबलावर, नसली तर साहेबांच्याच टोपलीत."

"तीनला मुलाखत आहे ना, आई."

"म्हणून तर चार म्हणाले. तासाभरात त्यांना कळेल तुझं काय ते."

मागून दादा म्हणाला, "मास्तरीणबाई, माझं पुस्तक सगळ्यांत वर का? तिथं पिस्टन शिकवायचाय का?"

एरवी तिनं उलट टोला दिला असता. आत्ता ती सरांचा नंबर फिरवत होती. फोन वाजून वाजून बंद पडला. दुसऱ्यांदा. पाचव्यांदा तर वाजलाही नाही. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला की आज परीक्षा. पेपर साडेअकरा ते अडीच, पर्यवेक्षकांचे फोन कापडी पिशवीत सील. सर एव्हाना वर्गात गेले असतील ते थेट अडीचला बाहेर येतील, आणि तीनला या यंत्रासमोर बसतील, कोऱ्या पाटीसारखे. तिनं चप्पल पायांत सरकवली.

शाळा घरापासून दहा मिनिटांवर. त्या दहा मिनिटांत एक गोष्ट ती चालता चालता ढकलत राहिली, आणि ढकललेली गोष्ट नेमकी पुढच्या वळणावर उभी असायची. एक्केचाळीस शाळांना तिनं अर्ज केले होते. प्रत्येकीला दोन वर्षांचा अनुभव हवा होता. तो अनुभव कुठल्या झाडाला लागतो हे एकाही जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं. उत्तर आलं ते या एकाच शाळेचं, दूरदेशीच्या, जिथं वीस भाषा बोलणारी मुलं एका वर्गात बसतात आणि शिक्षकांना राहायला खोली देतात. घरच्यांना वाटे, हिला बाहेरचं जग पाहायचंय. मैत्रिणींना वाटे, हिला आईच्या शिस्तीतून सुटायचंय. खरं कारण तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तिला अशा वर्गापुढं उभं राहायचं होतं जिथल्या एकाही जिवानं तिची ती अकरा मिनिटं पाहिलेली नसतील. इथल्या कुठल्याही शाळेत गेलं तरी त्या बेचाळीस मुलांपैकी कुणाचा भाऊ, कुणाची बहीण समोरच्या बाकावर असणार आणि मधल्या सुट्टीत म्हणणार, ह्याच त्या बाई. विमानानंच ओलांडता येईल एवढं अंतर हवं होतं. आणि मग मूर्खासारखं तिनं काय केलं, तर तीच अकरा मिनिटं नटवून, भांग पाडून, तिसऱ्या परिच्छेदात बसवून आपल्याआधी तिकडं पाठवून दिली.

फाटकाशी स्टुलावर शिपाईमामा बसले होते. मांडीवर पत्र्याचा डबा, त्यात जप्त केलेल्या चिठ्ठ्या.

"मामा, डुलकीसर कुठल्या वर्गात आहेत?"

"सात नंबर. पेपर सुटल्याशिवाय भेट नाही."

"एक मिनिट फक्त."

"एका मिनिटात अख्खा पेपर फुटतो, बाई. भरारी पथक आत चहा पितंय. तू जुनी आहेस म्हणून फाटकाच्या आत घेतलं, ते पुष्कळ झालं."

ती सात नंबरच्या समोरच्या झाडाखाली उभी राहिली. खिडकीतून सर दिसत होते आणि, नवल म्हणजे, ते टक्क जागे होते. अस्वस्थपणे येरझाऱ्या घालत होते, बाकांच्या रांगा मोजत होते, खडूचे तुकडे खिडकीच्या कट्ट्यावर उंचीप्रमाणे लावत होते. इतक्या शांत वर्गात खरं तर त्यांना स्वर्गीय झोप लागायला हवी होती. तिनं हात केला. त्यांनी पाहिलं नाही. तिनं पुन्हा केला तेव्हा दोन मुलांनी पाहिलं आणि तिसऱ्यानं तिच्या बोटांवरून कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर तीन असल्याचं लिहून टाकलं असावं, कारण तो लगेच खाली वाकला. तिनं हात खिशात घातला. मग पर्समधून एक कागद काढला, त्याचा चौथा भाग फाडला आणि झाडाच्या खोडावर टेकवून, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, तिसरा परिच्छेद उतरवला. तो तिला पाठ होता. 'प्रोजेक्टर बंद पडताच त्यांनी क्षणभरही विचलित न होता सर्व साहित्य बाजूला ठेवले आणि मुद्दाम, पूर्ण विचारान्ती, मौन पाळले. अकरा मिनिटे त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. वर्गाने आपला पाठ आपणच शिकवावा हा त्यामागचा उल्लेखनीय हेतू होता. तीस वर्षांत असा संयम मी पाहिलेला नाही.' लिहिताना प्रत्येक शब्दाला आता वेगळाच वास येत होता, बंद डब्यात राहून गेलेल्या पदार्थासारखा.

"मामा, एवढी चिठ्ठी त्यांना द्याल?"

मामांनी चिठ्ठी उलगडली, हातभर लांब धरली, डोळे बारीक केले. "'प्रोजेक्टर बंद पडताच...' अगं, आज भूगोल आहे. विज्ञान परवा. चुकीची कॉपी आणलीस."

"मुलांसाठी नाही हो. सरांसाठी आहे."

"सरांना कॉपी?"

"त्यांचाही एक पेपर आहे आज. तीन वाजता."

मामांनी तिच्याकडं असं पाहिलं की उन्हात फार वेळ उभी राहिली असेल बिचारी. "बत्तीस वर्षं झाली मला. बुटातल्या पकडल्या, पट्टीच्या पाठीवरच्या पकडल्या, एकानं मोडक्या पायाच्या प्लास्टरवर अख्खं भूमितीचं पुस्तक उतरवलं होतं, तो पायसुद्धा पकडला. पण पर्यवेक्षकाला कॉपी पुरवणारी तू पहिलीच." आणि त्यांनी चिठ्ठीची घडी घालून डब्यात टाकली. "जप्त."

मग अडीचपर्यंत थांबण्यापलीकडं काही उरलं नाही. पायरी गरम होती, त्या पायरीवर ती बसली आणि ते जे वळणावळणावर उभं राहत होतं ते तिच्या शेजारी येऊन बसलं. हाच वर्ग, सात नंबर. पानं श्वास कशी घेतात, हा पाठ. रात्र रात्र जागून केलेल्या चौतीस स्लाइड. पहिलीवर 'सुप्रभात' हेसुद्धा लिहिलेलं, न जाणो विसरलं तर. सुप्रभात झालं, पान झालं, पानाचं पोट उघडून आतली सूक्ष्म तोंडं दाखवायची वेळ झाली आणि प्रोजेक्टरनं टक्‌ असा आवाज केला. भिंत पांढरी झाली. नऊ चौदा. घड्याळ समोरच्या भिंतीवर, शेवटच्या बाकाच्या वर, सरांच्या झुकलेल्या डोक्याच्या बरोबर वर. बोल, असं तिनं स्वतःला सांगितलं. तोंड उघडलंही. पण आत काहीच नव्हतं. शब्द विसरले असते तर आठवले असते, इथं बोलायची जागाच गायब झाली होती, जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि तिथं नुसती हवा असावी. बेचाळीस चेहरे. आधी कुणी हसलं. मग हसणं थांबलं, आणि ते थांबणं हसण्यापेक्षा वाईट होतं, कारण मुलांना तिची काळजी वाटायला लागली होती. नऊ सतरा. तिचा हात फळ्यावर होता आणि तो तिथंच राहिला. मग तिसऱ्या बाकावरची, दातांना तार बसवलेली मुलगी उभी राहिली, पुस्तक उघडलं, आणि कुणी न सांगता धडा वाचायला लागली. तिचा परिच्छेद झाला, शेजारच्यानं पुढचा घेतला. एकानं विचारलं, मग झाड रात्री काय करतं, आणि दुसऱ्यानं सांगितलं. वर्ग चालला. पोरांनी तिला पाठीवर घेऊन तो चालवला, तिला न लाजवता, आणि हेच तिला सहन झालं नव्हतं. नऊ पंचवीसपर्यंत ती उभी होती. एवढंच तिला आठवे. अकरा मिनिटं. त्यानंतरचं तिनं कधी आठवून पाहिलं नव्हतं.

घंटा झाली. सर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा छातीशी धरून बाहेर आले, एका बाजूला पथकाच्या बाई, दुसऱ्या बाजूला केंद्रप्रमुख.

"सर, ते पत्र..."

"अगं हो. तीन वाजता ना? आहे लक्षात. हा गठ्ठा सील केला की ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसतो. तू घामेजलीस किती, जा, तोंड धू."

"सर, त्यातला तिसरा परिच्छेद..."

"काळजी करू नकोस," सर म्हणाले, आणि पथकाच्या बाईंनी गठ्ठ्याखाली हात घालून त्यांना पुढं नेलं.

काळजी करू नकोस. घरी पळत येताना ही तीन शब्दांची माळ तिनं हजार वेळा ओढली. जो काही वाचतच नाही त्याला काळजी कशाची? दोन अठ्ठावन्नला ती खुर्चीत बसली. नळाखाली तोंड धुतलं होतं ते पुसलं गेलं नव्हतं, कानामागून एक थेंब मानेवर उतरत होता. आईनं बाहेरून दार ओढून घेतलं, पण फट ठेवली. आईची दारं पूर्ण बंद होत नसत.

पडद्यावर तीन चौकोन उमटले. एकात करड्या केसांच्या मुख्याध्यापिका, शब्द सावकाश, एकेक धुऊन वाळत घातल्यासारखा. दुसऱ्यात एक गृहस्थ, त्यांची फक्त ओळख झाली. ते टिपणं घेणार होते. तिसऱ्यात एक कपाळ. कपाळाखाली एक भुवई आणि एक डोळा. डुलकीसर यंत्राच्या इतके जवळ बसले होते की बाकीचे सर चौकोनाबाहेर राहिले होते.

मुख्याध्यापिकांनी तिला चार प्रश्न विचारले आणि ती बरी बोलली. बोलताना ती स्वतःचा आवाज ऐकत होती, कुणाच्यातरी घरी पाहुणी म्हणून आलेल्या मुलीसारखा, नीट, पाय जुळवून बसलेला. मग मुख्याध्यापिका कपाळाकडं वळल्या. "सर, तो दिवस आम्हाला तुमच्या शब्दांत ऐकायचाय."

तिनं कपाळाखालच्या त्या एका डोळ्याकडं पाहिलं.

"खरं सांगू का," कपाळ म्हणालं, "मला डुलकी लागली होती."

टिपणं घेणाऱ्या गृहस्थांनी मान वर केली.

"त्याचं असं आहे, शिक्षकाचा आवाज सुरू असला की मला झोप येते. तीस वर्षांची सवय. आवाज थांबला की दोन-तीन मिनिटांत जाग येते. शांततेत मी झोपूच शकत नाही, हवं तर आज ज्यांनी पेपर लिहिला त्या पोरांना विचारा. तर त्या दिवशी मला जाग आली. म्हटलं, का बरं? डोळे उघडून बघतो तर मुलं वाचताहेत. एक झाला की दुसरा. प्रश्न विचारताहेत, उत्तरं देताहेत. आणि या बाई फळ्याला हात लावून उभ्या, गप्प. मधे पडत नाहीत, चूक झाली तरी टोकत नाहीत. मी मनात म्हटलं, अरे, आपण तीस वर्षं बोलतोय, आणि हिनं तिसऱ्या महिन्यात हे ओळखलं. पण तिला विचारायची लाज वाटली. पुढं हिनं पत्र आणून दिलं. ते मी वाचलं, दोनदा वाचलं, आणि तेव्हा कळलं की मला वाटलं होतं ते बरोबर होतं. तीस वर्षांत असा संयम मी पाहिलेला नाही, हे वाक्य हिनं माझ्या मनातून काढून घेतल्यासारखं होतं. त्या दिवसापासून आठ महिने मी वर्गात कमी बोलतोय."

तिच्या कानामागचा थेंब कॉलरमध्ये गेला. सर वाचत होते. सर जागे होते. म्हणजे झोपले होते तेव्हा तिची फजिती झाली आणि जागे झाले तेव्हा त्यांना तिचा मोठेपणा दिसला; त्या तीन मिनिटांच्या झोपेनं त्यांना फसवलं होतं आणि मग तिच्या पत्रानं त्या फसवणुकीवर शिक्का मारला होता. तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मुख्याध्यापिका मात्र पुढं झुकल्या होत्या, त्यांचा चेहरा उजळला होता. "आम्ही हेच शोधतोय," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं मुलं बोलतात आणि शिक्षकांना गप्प बसणं जमत नाही. पहिल्याच आठवड्यात तुम्ही हे बाकीच्यांना दाखवावं अशी माझी इच्छा आहे. करार तयार आहे, फक्त एक विचारते. गप्प बसायचं, हे तुम्ही नेमकं कुठल्या क्षणी ठरवलंत?"

उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. भिंत पांढरी झाली त्या क्षणी. एवढं म्हटलं की खोली, विमान, वीस भाषांची मुलं, आणि नोंदणी कक्षाचा फॉर्म टोपलीत. पाच शब्द. ती ते बोलणार एवढ्यात कपाळ आणखी पुढं आलं. आता चौकोनात फक्त डोळा उरला, म्हातारा, पाणावलेला, लक्ष देणारा.

"हो, मलाही तेच विचारायचं होतं," सर म्हणाले. "मला तीच वेळ साधत नाही. कधी मी फार लवकर गप्प होतो, पोरं गडबडतात. मागच्या महिन्यात एक मुलगा रडला. नीट सांग हं, मी लिहून घेतो."

आणि खरोखरच कागद सरकल्याचा आवाज आला.

तिला सात नंबरचा वर्ग दिसला. सर फळ्याला हात लावून उभे, गप्प, भिंत पांढरी होण्याची वाट पाहत. आणि समोर एक मुलगा, ज्याला माहीत नाही की या माणसाला काय झालंय. तिचं उत्तर या डोळ्यातून जाऊन उद्या सकाळी त्या मुलासमोर उभं राहणार होतं.

"ठरवलं नव्हतं," ती म्हणाली. आवाज पाहुणा उरला नव्हता. "मला बोलता येत नव्हतं. प्रोजेक्टर बंद पडला आणि माझी बोबडी वळली. मुलांनी वर्ग सांभाळला, मी नाही. ते पत्र मी लिहिलंय. सगळंच. सरांनी फक्त सही केली."

 मुख्याध्यापिकांच्या चेहऱ्यावरचा उजेड विझला, पण त्या रागावलेल्या दिसल्या नाहीत. कुणी शेजारचं घर सोडून जाणार हे कळल्यावर माणूस जसा दिसतो तशा दिसल्या. त्यांनी शेजारच्या गृहस्थांकडं पाहिलं. त्या गृहस्थांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "तुम्ही वर्ग सोडून बाहेर का गेला नाहीत?"

"दार मागं होतं," ती म्हणाली. "त्या बेचाळिसांमधून जावं लागलं असतं."

गृहस्थांनी ते लिहून घेतलं.

"आमचा नियम आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "उमेदवारानं स्वतः लिहिलेलं पत्र आम्ही ग्राह्य धरत नाही. म्हणजे तुमच्या अर्जाला आत्ता पत्रच नाही. शुक्रवारी दुपारी यादी बंद होते. तोवर सरांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं काही आलं, तर ते वाचू. काय लिहायचं, आणि लिहायचं की नाही, ते सरांनी ठरवावं." त्यांनी मान लववली. दोन चौकोन काळे झाले.

उरलं ते कपाळ. ते मागं सरकलं, आणि पहिल्यांदाच पूर्ण सर दिसले: थकलेले, शर्टाच्या खिशाला लाखेचा डाग, मागं ऑफिसातलं कपाट. ते तिच्याकडं पाहत नव्हते. कॅमेऱ्याकडं बघायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. ते कुठंतरी खाली, बहुतेक तिच्या तोंडाकडं, बघत होते.

"आठ महिने," ते म्हणाले.

"सर, मला वाटलं तुम्ही झोपला होता."

"झोपलोच होतो. म्हणून तर." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी शिक्षकखोलीत सगळ्यांना सांगितलं. नव्या पोरांना तुझं उदाहरण देतो. ती इतिहासवाली मला म्हणाली, सर, ती घाबरली असेल हो. मी तिच्याशी भांडलो."

 दाराच्या फटीत आईची सावली होती, हातात फॉर्म. सावली हलली नाही.

"पण पोरं बोलायला लागलीत माझ्या वर्गात, ते खोटं नाही," सर म्हणाले, थोडे चिडून, जणू तीच नाही म्हणत होती. "तो एक रडला, बाकीची बोलतात. तुझं खोटं असेल. माझं चाललंय." मग त्यांनी टेबलाचा खण उघडला, कोरा कागद काढला, पेन झटकलं. पेनाची शाई हिरवी होती. वाकून त्यांनी एक ओळ लिहिली आणि मोठ्यानं वाचून दाखवली. "'या मुलीनं एकदा माझ्या नावावर खोटं पत्र लिहिलं.'"

"सर..."

"का? चुकीचं आहे?"

"नाही."

"मग असू दे. आता पुढं. प्रोजेक्टर किती वाजता गेला?"

"नऊ चौदा."

"नक्की?"

"घड्याळ तुमच्या डोक्यावर होतं, सर. मी तेवढंच बघत होते."

"नऊ चौदा," त्यांनी लिहिलं. "बोललीस कधी?"

"नाही बोलले. नऊ पंचवीसपर्यंत."

"ते कळलं. नऊ पंचवीसला काय झालं?"

 नऊ पंचवीसच्या पलीकडं एक काळं दार होतं, आणि आठ महिने ती त्या दाराशी येऊन मागं फिरत होती. दाराच्या मागं वर्ग तसाच होता. तास संपायला अजून दहा मिनिटं होती. वाचणारा मुलगा परिच्छेदाच्या शेवटी थांबला होता, आणि त्याच्या पुढच्या बाकावर कुणीच नव्हतं, जागा रिकामी, वाचनाची साखळी तिथं तुटली होती. बेचाळीस माना तिच्याकडं वळल्या होत्या. आणि मग कुणीतरी बोललं होतं. तिला ते ऐकू आलं. आवाज ओळखीचा नव्हता म्हणून तो आपला आहे हे तिनं कधी धरलंच नव्हतं.

"मी म्हटलं, 'पुढचा कोण?'" ती म्हणाली.

सर लिहायचे थांबले. "ते मी ऐकलं होतं. मग?"

"मग खिडकीपाशी बसणाऱ्यानं हात वर केला. मी म्हटलं, वाच. त्याला एक शब्द येईना, तो मी फळ्यावर लिहिला. मग पानाचं चित्र काढलं. खडूनं. वाईट आलं होतं. घंटा होईपर्यंत... घंटा होईपर्यंत शिकवलं, सर."

"चित्र वाईट होतं," सर म्हणाले. "काकडीसारखं." ते लिहीत होते, जीभ ओठांच्या कोपऱ्यात, हळूहळू, लहान मुलासारखे. दाराची फट थोडी रुंदावली. आईच्या हातातला फॉर्म आता तिच्या पाठीमागं गेला होता. पावणेचार झाले होते आणि आई पायांत चप्पल न चढवता तिथंच उभी होती.

"'पुढचा कोण' म्हणालीस तेव्हा," सरांनी मान वर न करता विचारलं, "आवाज कसा होता तुझा?"

 खरं सांगायचं तर त्याला एकच शब्द होता.

"फाटका."

"फाटका," सर म्हणाले, आणि ते लिहून त्यांनी पान उलटलं.